बहिरं मनगट

हाड मोडल्याचा आवाज मला नवा नाही. माझा जन्म गेला ऑपरेशन थिएटरात. पण तिथे हाड मोडायचंच झालं तर आम्ही ते ठरवून मोडतो, आणि ज्याचं मोडतो त्याला पत्ता लागत नाही, कारण त्याची सोय मी आधीच केलेली असते. मी भूलतज्ज्ञ. डॉ. महावीर शिरगुप्पे, मुक्काम मिरज. कांदासुद्धा न खाणाऱ्या घरातला मी माणूस, आणि मला नाद पंजाचा. बायको म्हणते, दिवसभर रक्त बघून पोट भरत नाही वाटतं तुमचं. तर त्या चैत्रात जत्रेच्या मैदानावर पहिल्या रांगेत बसून मी शेंगा फोडत होतो आणि तो आवाज आला. ओली फांदी पायाखाली मोडावी तसा. मांडीवरच्या शेंगा सगळ्या खाली सांडल्या.

पंजा आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतो. तुम्ही लांबचे असाल तर सांगतो. दोन गडी पोत्यावर समोरासमोर बसतात, उजव्या हाताची बोटं एकमेकांच्या बोटांत गुंफतात आणि समोरच्याचं मनगट मागे वाकवतात. टेबलावर कोपर टेकून खेळतात तो प्रकार वेगळा, त्याला आमचे लोक हसतात. त्यात दिनकर वस्ताद चौगुल्यांच्या तालमीची रीत आणखी न्यारी. पंच नाही, शिट्टी नाही. लढताना दोघांनी डोळे मिटायचे. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. ‘सोड’ म्हणाला तो गडी संपला, त्याला परत त्या पोत्यावर कुणी बसवून घेत नाही. मग लढत संपते कशी? संपते, एवढंच आम्हा बघणाऱ्यांना माहीत. दोघं घामाने निथळत थरथरत असतात आणि अचानक हात सुटतात, जिंकलेला हरलेल्याला मिठी मारतो. इतकी वर्षं बघतोय, पण ते नेमकं कसं घडतं हे मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

त्या दिवशी पोत्यावर वस्तादांचा मुलगा रणधीर होता आणि समोर सांगलीचा तुषार हेरवाडे, तोही याच तालमीत शिकलेला. रणधीरचं मनगट आदल्या वर्षी पार निकामी झालं होतं. त्याच्या सख्ख्या बहिणीने, आमच्या डॉ. ऋतुजा चौगुलेने, ते ऑपरेशन करून उभं केलं होतं, भूल मी दिली होती. त्यामुळे मी मुद्दाम पुढे बसलो होतो. आपल्या हातचं काम कसं चालतंय ते बघायचं होतं, दुसरं काय.

तुषारचं मनगट मागे गेलं. आणखी मागे गेलं. एरवी इथे हात सुटतात, पण सुटले नाहीत. तुषारचं तोंड आधी लाल झालं, मग राखेसारखं. मिटल्या पापण्यांखालून पाणी गळायला लागलं. खालचा ओठ त्याने स्वतःच्या दातांनी फाडला. लोकांना वाटलं, काय झुंज आहे! शिट्ट्या पडल्या, फेटे उडाले. मग तो आवाज आला आणि मनगट गेलं. रणधीर तरीही दाबतच राहिला. पुन्हा आवाज. कोपराखालची दोन्ही हाडं गेली, त्यातल्या एकाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं, आणि रक्ताची चिळकांडी माझ्या पांढऱ्या शर्टापर्यंत उडाली. तुषार शुद्ध हरपून एका अंगावर कलला, तरी त्याचा तुटका हात रणधीरच्या पंजातच लोंबत होता.

गर्दीचा आवाज बदलला तेव्हा कुठे रणधीरने डोळे उघडले. “काय झालं?” म्हणाला. नाटक नव्हतं ते. त्याला खरोखर कळलं नव्हतं.

तुषारला आमच्याच हॉस्पिटलात आणलं, कारण मनगटाचं बारीक काम करणारी या भागात ऋतुजाच. भावाने मोडलेला हात बहिणीने जोडायचा! बाहेर हेरवाड्यांची माणसं चौगुल्यांच्या सात पिढ्या उद्धरत होती. आत मी तुषारच्या काखेत सुई घालून नुसता हात झोपवला. माणूस जागा, हात झोपलेला, अशी ती भूल असते. ऋतुजाने पट्ट्या लावून हाडं बसवली आणि मग मनगट आतून बघायला हात टांगला. पोरगा भेदरला होता. असल्या वेळी मी पेशंटला गोष्टी सांगतो. वायफळ बडबड म्हणतात थिएटरातल्या सिस्टर, पण रक्तदाब खाली येतो त्याचं काय.

त्याला म्हटलं, गड्या, मनगट म्हणजे आठ छोटी हाडं, दोन ओळींत मांडलेली, आणि त्यांना बांधून ठेवणारे चिवट बंध. मधली फट एवढीशी. पूर्वी आत काय बिघडलंय ते बघायचं तर मनगट पाठीमागून उभं चिरायचे. बिघाड जायचा आणि चिरल्याने मनगट ताठ व्हायचं, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. सव्वाशे वर्षांपूर्वी जपानात एका डॉक्टरला लघवीच्या पिशवीत घालायची दुर्बीण मेलेल्या माणसाच्या गुडघ्यात घालून बघायची बुद्धी झाली. पुढे गुडघ्यावर सुधारणा झाली, खांद्यावर झाली, पण मनगटाच्या वाटेला फारसं कुणी जाईना, जागाच नव्हती आत. विसावं शतक संपत आलं तेव्हा बारीक दुर्बिणी आल्या, आणि हात बोटांनी वर टांगून खाली ओढ दिली की फट उघडते, हेही लोकांना उमगलं. तुझी बोटं आत्ता ज्या जाळीच्या टोप्यांत अडकवलीत ना, त्या त्याच. मुळात असलं पोरांचं खेळणं असतं. ओढलं की आवळतं, ओढ सैल पडली की आपोआप सुटतं. मी या धंद्यात आलो तेव्हा दुर्बीण उदबत्तीएवढी होती आणि सांध्यात पाणी भरून बघायचे. मग पाण्याशिवाय बघायला लागले. मग दुर्बीण सुईएवढी झाली. आणि आता रेशीमकिडा आलाय.

रेशीमकिडा म्हणजे किडा नव्हे, यंत्र. केसापेक्षा जरासं जाड. सुईच्या भोकातून आत सोडायचं. तुटलेल्या बंधापर्यंत ते सरपटत जातं, त्यात रेशमासारखा धागा विणतं, धाग्यावर पेशी वाढतात आणि नवा बंध जन्माच्या बंधापेक्षा चिवट होतो. जाताजाता ते दुखणं कळवणाऱ्या नसा जाळून टाकतं. दुखऱ्या मनगटाची एखादी नस कापायची पद्धत जुनीच होती, पण किडा बंधातली, आणि तिथून पुढे पंजातलीही, एकसुद्धा दुखरी नस शिल्लक ठेवत नाही. टाका नाही, प्लास्टर नाही, ठणका नाही. यंत्रमागवाले, ऊसतोडवाले, गवंडी, सगळे रांग लावून किडा सोडून घेत होते आणि ऋतुजाला देव मानत होते. आदल्या वर्षी रणधीरच्या मनगटातही तिने तोच सोडला होता.

तुषार छताकडे बघत ऐकत होता. मध्येच म्हणाला, “डॉक्टर, मी तीनदा मऊ टाकलं.”

ऋतुजाने पडद्यावरची नजर काढली नाही. काय मऊ टाकलं, तिने विचारलं.

मग तो सांगायला लागला. लढताना आपलं संपलं की मनगट एका तऱ्हेने क्षणभर मऊ टाकायचं. समोरच्याला ते त्याच्या मनगटात कळतं आणि तो सोडतो. डोळे त्यासाठीच मिटायचे, की दुसरं काही मध्ये येऊ नये. तालमीत पहिल्या दिवशी वस्ताद हात हातात घेऊन हेच शिकवतात. तोंडाने काही सांगत नाहीत, सांगण्यासारखं नसतंच ते. “रणधीर तसला गडी न्हाय,” तुषार म्हणाला. “मी लढलोय त्याच्यासंगं आधी. नुसतं मऊ टाकायचं मनात आलं तरी सोडायचा. या बारीला त्याला ऐकूच आलं न्हाय.”

ऋतुजाचा हात थांबला. मास्कवर फक्त डोळे दिसत होते, पण तिला मी पुष्कळ वर्षं ओळखतो. ती तालमीच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या घरात वाढली. दुधाची किटली उंबऱ्याशी ठेवायची आणि मागे फिरायचं, इतकाच तिचा तालमीशी संबंध. पोरींनी माती तुडवायची नाही. पंजा तिच्या हातात कधी कुणी दिला नव्हता. डोळे जोर लावण्यासाठी मिटतात असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

बाहेर आल्यावर ती ओट्यावर बसली आणि चहा तसाच गार होऊ दिला. शास्त्र तिला कुणी शिकवायला नको होतं. बंध ही नुसती दोरी नसते. त्यात बारीक नसा असतात, ताण वाढला की त्या मेंदूला न विचारता परस्पर स्नायूंना बास म्हणतात. दुसऱ्याच्या हाताचा ताण बदलला तर तोही त्याच नसा टिपतात. किडा बनवणाऱ्यांनी त्यांना दुखण्याच्या नसा म्हटलं, सगळ्या जगाने म्हटलं. “दुखण्याच्या नव्हत्या त्या, काका,” ती म्हणाली. “ऐकण्याच्या होत्या. मी माझ्या भावाचं मनगट बहिरं केलं.”

दुसऱ्या दिवशी ती तालमीच्या उंबऱ्यावर गेली आणि बापाला सगळं सांगितलं. मी सोबत होतो. वस्ताद अडुसष्ट वर्षांचे, पण हात असा की नारळ सोलायला कोयता लागत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, तुझी दुर्बीण राहू दे, मी बघतो. रणधीरला समोर बसवलं. दोघांनी डोळे मिटले.

वस्तादांनी जोर लावला, रणधीरने लावला. थोड्या वेळाने वस्तादांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. आता मला कुठे बघायचं ते माहीत होतं, म्हणून दिसलं. म्हाताऱ्याने मऊ टाकलं होतं. रणधीर दाबतच होता. त्यांनी पुन्हा टाकलं. कपाळावरची शीर फुगली, मान मागे गेली, दातावर दात घासल्याचा आवाज मला उंबऱ्यापर्यंत आला, पण तोंडातून शब्द निघेना. बोटं एकेक करून उलटी व्हायला लागली. करंगळी मोडली. तिच्या शेजारचं मोडलं. मनगटाच्या पाठीवर हाडाचा उंचवटा टरारून वर आला आणि रणधीर शांतपणे, डोळे मिटून, बापाचा हात चिरडत राहिला.

“सोड!” ऋतुजा ओरडली. उंबरा ओलांडून मातीत गेली आणि भावाच्या तोंडात भडकावली. “सोड, सोड त्याला!”

रणधीरने तत्क्षणी सोडलं. हाताकडे बघितलं आणि त्याचे ओठ पांढरे पडले. वस्ताद मोडका हात पोटाशी धरून उठले. वाटलं, आता पोराला बोलतील. ते वळले लेकीकडे. “तालमीत हा शब्द कुणी काढला?” म्हणाले. मला इतका संताप आला म्हणून सांगू! पण मी परका. म्हाताऱ्याच्या हाताला भूल द्यायची होती मला.

इथवर सगळं सरळ होतं, तुम्ही म्हणाल. कळलं ना चूक काय ती, मग दुरुस्त करा. दुरुस्ती होतीही. रेशीम कापून काढायचं, पायातली एक बारीक नस आणून मनगटात लावायची. ती वाढायला कित्येक महिने लागणार. वाढलीच तर कळायला लागेल, त्याबरोबर दुखायलाही लागेल, आणि जोर जन्माचा निम्मा. ऋतुजाने भावाला हे समजावलं. तो नको म्हणाला.

आणि त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता, ते मला कबूल करायला पाहिजे. त्याच आठवड्यात हेरवाड्यांची तीन-चार माणसं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याला गाठायला आली. तुषारच्या चुलत्याने गज उगारला, तो रणधीरच्या खांद्यावर बसला, सदऱ्याच्या आतून रक्त फुटलं. दुसरा वार यायच्या आत रणधीरने त्याचं गज धरलेलं मनगट पकडलं. गज खाली पडला, चुलता गुडघ्यावर आला, त्याचा हात सुकल्या वेलीसारखा लुळा झाला, आणि तो बोंबलला. बोंबलल्याबरोबर रणधीरने सोडलं. मी तिथे उभा होतो, डोळ्यांनी बघितलं.

“बघितलं ना?” रणधीर नंतर बहिणीला म्हणाला. मी त्याचा खांदा शिवून घेत होतो. “जो बोलतो त्याला मी सोडतो, ताई. देवानं तोंड दिलंय माणसाला. रीत बदला की. माझा हात कशाला बदलताय?”

पुण्यामुंबईच्या लीगवाल्यांचे फोन यायला लागले होते. तिथे पंच असतो, शिट्टी असते, ‘सोड’ म्हणायला कुणाला लाज नाही. त्याच्या पंजाचे फोटो चौकात लागले. वस्तादांनी हात गळ्यात बांधून एवढंच सांगितलं की तोंड खोटं बोलतं, मनगट बोलत नाही, रीत बदलणार नाही. बापलेक एका घरात राहून बोलेनासे झाले. रणधीरची बायको केतकी बँकेत होती, शहाणी पोरगी. ती भांडली नाही. ती फक्त चालताना त्याच्या डाव्या बाजूला चालायला लागली, आणि त्यांच्या रेवालाही डावीकडेच ठेवायची. रणधीरच्या लक्षात आलं असेल तर त्याने दाखवलं नाही.

रेवा सात वर्षांची. माझी खास दोस्त. वस्तादांच्या हाताचं बँडेज बदलायला मी जायचो तेव्हा ती पायरीवर वाट बघत बसलेली असायची. तिला मी जाळीची एक टोपी दिली होती, आमच्या थिएटरातली जुनी. दिवसभर बोटात घालून ओढायची, सैल सोडायची, सुटली की खिदळायची. एकदा बघतो तर वस्ताद आणि ती पोत्यावर समोरासमोर. म्हाताऱ्याचा डावा हात, तिचा डावा हात, दोघांचे डोळे मिटलेले. मी म्हटलं, वस्ताद, पोरीला? ते म्हणाले, लेकीला शिकवलं नाही त्याचं काय झालं ते बघतोयस ना.

मग बेंदूर आला, आमच्याकडचा पोळा.

गावात बैल आता बोटांवर मोजण्याइतके. मिरवणुकीत निम्मे ट्रॅक्टर, त्यांनाच झुली आणि फुगे. पण कर तोडायला बैलच लागतात. वेशीवर पिंपळपानांची दोरी बांधतात आणि बैल पळत येऊन ती तोडतो. ते बघायला सगळा गाव लोटतो. केतकी पोळ्या लाटत घरी राहिली आणि रणधीर रेवाला घेऊन आला. गर्दी उजवीकडून रेटत होती, म्हणून तिला त्याने उजव्या हाताला धरलं. मी देवळाच्या पायरीवर उभा होतो, तिथून दोघं दिसत होते.

वरून चित्रण करणारं कुणाचंतरी ड्रोन खाली आलं आणि हलगी-ढोलांत बुजलेला एक पांढरा खोंड वेसण तोडून सुटला. सरळ माणसांत घुसला. माझ्यासमोर एका म्हाताऱ्याच्या मांडीत शिंग गेलं आणि त्याने त्याला गोणीसारखं उचलून भिंतीवर भिरकावलं. एका बाईला तुडवलं. लोक एकमेकांच्या अंगावरून पळत होते. रणधीर पळाला नाही. रेवाला त्याने हाताला धरूनच उचललं, तालमीच्या कट्ट्यावर चढवलं, आणि खोंड समोरून दोनदा फिरला तरी तिला अंगामागे घेऊन खांबासारखा उभा राहिला. तिसऱ्यांदा शिंग त्याच्या बरगडीवरून घासत गेलं, सदरा फाटला. चार गड्यांनी खोंडाला दावं टाकून पाडेपर्यंत त्याने पोरीचा हात सोडला नाही.

मी धावत गेलो. तो हसत होता, रक्ताळलेला, श्वास लागलेला. खाली वाकून पोरीला म्हणाला, “बघितलंस? बाबा आहे का नाही?”

रेवाचं तोंड पांढरं फटक झालं होतं. डोळे मिटलेले.

“रणधीर,” मी म्हटलं, “हात सोड तिचा.”

त्याने सोडला. पंजा उघडल्यावर आत जे होतं त्याला हात म्हणायला माझी जीभ रेटेना. बोटं काळीनिळी, अंगठ्याखाली हाड कातडीतून वर आलेलं, मनगट चपटं. जाळीची टोपी तिच्या बोटात तशीच होती आणि तिची वीण मांसात रुतून रक्ताचे चौकोन उमटले होते.

रणधीर गुडघ्यावर बसला. “अगं बाई,” तो म्हणाला, “बोलायचं नाहीस का? ओरडायचं नाहीस का गं?”

रेवाने डोळे उघडले. तिला तो रागावलाय असं वाटलं असावं.

“सांगितलं की, बाबा,” ती म्हणाली. “तीनदा मऊ टाकलं.”

तो उठला, उजवा हात वर घेतला आणि कट्ट्याच्या दगडावर आपटला. पुन्हा आपटला. मुठीवरची कातडी सोलली, पांढरं दिसायला लागलं, दगडावर रक्त उडालं, तरी तो आपटतच होता. मी त्याच्या दंडाला लोंबकळलो, आणखी दोघं आले, तरी आवरेना. “दुखत न्हाय,” एवढंच बोलत होता, “दुखत न्हाय हो डॉक्टर, काहीच दुखत न्हाय.”

आधी रेवाला टेबलावर घेतलं. लहान पोराला जागं ठेवत नाहीत, तिला मी पूर्ण झोपवलं. आमच्याकडची सगळ्यात लहान टोपीसुद्धा तिच्या मोडक्या बोटांवर धरेना, चिकटपट्टी गुंडाळून बसवावी लागली. ऋतुजाने किड्याच्या डब्याकडे बघितलंही नाही. सुईची दुर्बीण, बारीक तारा, जुनं काम. पूर्ण वेळ ती रडत होती आणि तिचा हात एकदाही हलला नाही. मधेच म्हणाली, काका, घाम पुसा. घाम नव्हता तो, पण मी पुसला.

दोन दिवसांनी रणधीर स्वतःच्या पायांनी आला आणि टेबलावर झोपला. हात पुढे केला. “ताई, काढ सगळं,” म्हणाला. काखेत सुई घालायला मी पुढे झालो तर म्हणाला, मनगटाला कशाला भूल देताय, ते मेलेलंच आहे. तरी दिली. पायातली नस काढायची होती, तिथे त्याला दुखलं असतं. ऋतुजाने स्वतः विणलेलं रेशीम धाग्याधाग्याने कापून बाहेर काढलं.

चौकातले फोटो उतरले. लीगचे फोन थांबले. तुषार हेरवाडे हात गळ्यात घेऊन एकदा तालमीत येऊन गेला, दोघं काय बोलले मला माहीत नाही, पण जाताना त्याने रणधीरच्या पाठीवर थाप मारली.

परवा बऱ्याच महिन्यांनी मी संध्याकाळी तिकडे गेलो. ऋतुजा उंबऱ्याच्या आत, मातीत बसली होती. वस्तादांचा वाकडा हात तिच्या हातात होता आणि दोघांचे डोळे मिटलेले. म्हातारा तोंडाने काही सांगत नव्हता. पलीकडच्या पोत्यावर रणधीर आणि रेवा. रेवाचा उजवा हात अजून नीट मिटत नाही, म्हणून ती डाव्याने लढते. त्याच्या उजव्यात तिचा डावा. बोटं गुंफली, डोळे मिटले, आणि लगेच रणधीरचा पंजा उघडला.

मी ऋतुजाला हळूच विचारलं, नस आली का गं? तिने मान हलवली. नाही. तपासलं होतं तिने त्याच सकाळी, नस अजून मनगटाच्या बरीच मागे होती. त्याला काहीही कळत नव्हतं. जिल्ह्यातला सगळ्यात दांडगा पंजा नुसत्या भीतीने उघडत होता, रोज संध्याकाळी, सात वर्षांच्या पोरीपुढे.

रेवा वैतागली होती.

“बाबा, मी मऊ टाकलंच नव्हतं अजून.”

“असू दे,” रणधीर म्हणाला. “परत बस.”

तिने पोतं सरळ केलं, आणि दोघांनी पुन्हा डोळे मिटले.